एकतिसावं पाकीट

३ ऑक्टोबर, बागेतली खोली

बेन्टे,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. चौदा महिने तू माझा फोन उचलला नाहीस. 'प्रिय' वाचलंस तर पत्र सरळ शेगडीत घालशील, म्हणून नुसतं बेन्टे. फोनवर तू मला अडवून ठेवलंयस, टपालात अजून तशी सोय नाही. आणि या वर्षअखेर टपालवाले पत्रं वाटणंच बंद करणार आहेत. आमच्या कोपऱ्यावरची लाल पेटी उपटून नेली, आता पाकीट टाकायला दुकानापर्यंत सायकल हाणावी लागते. तेव्हा घाई आहे.

खरी घाई मारेनची आहे. आई म्हणाली, बारा डिसेंबरला तुमचे डॉक्टर तिला तपासणार आणि औषधाचे थेंब वाढवायचे का ते ठरवणार. तेरा वर्षांच्या स्वमग्न मुलीची सख्खी मावशी, त्यात चाळीस वर्षं असल्याच मुलांची डॉक्टर, आणि भाचीची खबर मिळते कुठून, तर वृद्धाश्रमातून! असू दे. तो हक्क माझा मीच गमावलाय.

डिसेंबरअखेर मी निवृत्त होतेय. दवाखान्यातली खोली रिकामी करताना चार खोकी इथे माझ्या भाड्याच्या बागेतल्या खोलीत आणून ठेवली. सोळा तारखेला बागेचे नळ बंद होतील, मग वसंतापर्यंत इकडे कुत्रं फिरकत नाही. सफरचंदं यंदा एवढी लागलीत की शेजारचा टाय रोज टोपली दाराशी ठेवून जातो आणि मी त्याच्या दाराशी. दोघांनाही नकोयत. हे मी काय लिहितेय?

खोक्यांत मारेनच्या थेंबांवरचा अभ्यास आहे. तुमच्या डॉक्टरांनी तुला तेव्हा दोन अभ्यास दाखवले होते ना, थेंबांनी मारहाण कमी होते असं सांगणारे? तिसराही होता. तो माझा. छापून आला नाही. त्यात चित्र तितकंसं स्पष्ट नव्हतं.

डोस वाढवू देऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं. बाकी पुढे लिहीन.

गुड्रुन


२० ऑक्टोबर

बेन्टे,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी रोज दाराच्या फटीखाली बघते.

'चित्र स्पष्ट नव्हतं' हे मी लिहिलं, आणि तेव्हापासून दाताखाली खडा आल्यासारखं झालंय. आम्ही डॉक्टर लोक असंच बोलतो. चित्र चांगलं लख्ख होतं. नीट सांगते.

चौऱ्याऐंशी मुलं होती. बेचाळीस मुलांना थेंब दिले, बेचाळीस मुलांना तसंच दिसणारं, तसंच कडू लागणारं पाणी. कोणाला काय मिळतंय हे आईबापांना ठाऊक नाही, शाळेला नाही, मलाही नाही. प्रत्येक मुलाच्या नंबराचं एक बंद पाकीट कपाटात. सहा महिने झाले, की सगळी पाकिटं एका दिवशी उघडायची.

मधल्या काळात मी काय काय पाहिलं म्हणून सांगू! नंबर एकतीस, येप्पे, दहा वर्षांचा. आला तेव्हा आईच्या दोन्ही हातांवर चावल्याच्या खुणा होत्या. तिसऱ्या महिन्यात तो माझ्या टेबलाखाली बसून शांतपणे माझ्या बुटांच्या नाड्या सोडत होता आणि त्याची आई कारिन खुर्चीत बसून चक्क पेंगत होती. म्हणाली, "डॉक्टर, मी गेल्या आठवड्यात केस कापून घेतले. एकटी जाऊन!" असली सात-आठ मुलं माझ्या डोळ्यांसमोर होती. मग माणूस काय म्हणणार? थेंब गुणकारी आहेत असंच म्हणणार.

पाकिटं उघडली. थेंबवाल्या मुलांची मारहाण आमच्या मोजपट्टीवर साडेनऊ अंकांनी उतरली होती आणि पाणीवाल्यांची नऊ अंकांनी. म्हणजे फरक नाही. वजन मात्र थेंबवाल्यांचं सरासरी पाच किलोंनी वाढलं होतं, पाणीवाल्यांचं एका किलोने. पाण्याने मुलं सुधारली कशी? आमची नर्स दर मंगळवारी घरोघर फोन करायची. कित्येक आयांना वर्षानुवर्षांत पहिल्यांदा कोणीतरी "तुम्ही कशा आहात?" असं विचारत होतं. माझ्या मते सगळं त्यातच आहे. पण हे मला नंतर सुचलं.

तू मला फोन केलास, तेव्हा पाकिटं उघडायची होती. ती उघडली त्या वर्षीच्या शरदात. तोवर मारेनचे थेंब सुरू झाले होते. मी काही मुद्दाम केलं नाही, एवढं तुला कळावं.

गुड्रुन


४ नोव्हेंबर

बेन्टे,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

खोक्यात माझी त्या वर्षाची डायरी सापडली. सापडली कसली, ती तिथेच होती, मला ठाऊक होतं. पाकिटं उघडली नऊ मार्चला. तुझा फोन आला तेवीस जूनला. तारीख मला कधीच विसरता येणार नाही, कारण सांक्त हान्सच्या उन्हाळी सणाची संध्याकाळ होती, किनाऱ्यावर होळी पेटवलेली, लोक गात होते, आणि तू ओरडून विचारत होतीस, "गुड्रुन, ऐकू येतंय का? हे डॉक्टर थेंब द्या म्हणतात. मारेनला भूल दिल्यासारखं होईल म्हणून मला भीती वाटते. तू सांग. तुझी मुलगी असती तर दिले असतेस?"

मी म्हटलं, "दिले असते."

तू म्हणालीस, "बस. मग झालं."

एवढ्या मोठ्या निर्णयाला एवढा वेळ लागला. साडेतीन महिने मला आकडे ठाऊक होते, बेन्टे. एका नियतकालिकाकडे लेख पाठवून झाला होता. 'वाचकांना यात रस वाटणार नाही' असं दोन ओळींचं उत्तरही आलं होतं. ते उत्तर मी टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं आणि दुसरीकडे पाठवलंच नाही. थेंब बनवणाऱ्या कंपनीने अडवलं असतं तर निदान कोणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. कंपनीने फक्त थेंब पुरवले होते, छापू नका असं कोणी म्हटलं नाही. खण माझा होता आणि बंद मी केला.

खोलीत आता पाणी नाही. कॉफीसाठी घरून बाटली आणते. घरी बसून हे लिहिता येत नाही, का ते ठाऊक नाही. तीनदा उठले, फाटकापर्यंत गेले, परत आले. टाय विचारत होता, "काही हरवलंय का?" म्हटलं, "हो, चष्मा." चष्मा डोळ्यांवर होता.

गुड्रुन


१५ नोव्हेंबर

बेन्टे,

आज प्रेबेनला भेटले. माझा जुना सहकारी, अभ्यासावर दुसरं नाव त्याचंच आहे. त्याच्याकडे गेलं की राय धान्याचा पाव, हेरिंग मासे आणि उपदेश, तिन्ही भरपूर मिळतात.

म्हटलं, "प्रेबेन, तो अभ्यास छापायला हवा."

"कुठला? तो?" त्याने काटा खाली ठेवला. "अगं, सहा आठवड्यांत घरी बसणार आहेस तू. आता हे कुठून आठवलं?"

"आठवायला मी विसरलेच कधी होते?"

"'फरक आढळला नाही' ही काय बातमी आहे? 'काल गावात कुठेही आग लागली नाही' असं पेपरात कधी वाचलंयस?"

"जी आई घर पेटलंय समजून रोज सकाळी लेकरावर पाणी ओततेय, तिला ते वाचायला मिळायला हवं."

"बाई गं! तू कधीपासून असली वाक्यं टाकायला लागलीस?" हसला. मग हसायचा थांबला. "आणि लोक विचारतील, साडेचार वर्षं काय करत होता? त्याचं उत्तर तू देणार की मी?"

मी हेरिंग संपवलं.  घरी येताना सायकलवरून उतरले आणि चालतच आले.

आता उरलेलं सांगते, नाहीतर आज झोप लागायची नाही.

आईच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवशी तू मारेनच्या शाळेची निरोपवही घेऊन आली होतीस. बाकीच्या शाळांत सगळं फोनवर गेलं, पण मारेनच्या लिस्बेथबाई अजून रोज हाताने लिहितात, याचं तुला कौतुक. टेबलावर कागदी झेंडे होते. एरवी मारेनने ते एका ओळीत लावले असते आणि तोंडाने फेरीबोटीच्या इंजिनाचा तो एकच सूर धरला असता. त्या दिवशी ती हातावर गाल ठेवून बसली होती आणि केकचा तिसरा तुकडा खात होती. तू वही माझ्यापुढे सरकवलीस. "बघ ना, बाईंनीही लिहिलंय, आता गुणगुणत नाही. गुड्रुन, हे थेंब खरंच काही करतात का गं?"

आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाईंना माहीत आहे की ती औषध घेते. ज्याला माहीत असतं, त्याला हवं ते दिसतं. आणि एक मूल म्हणजे पुरावा नव्हे, बेन्टे. आईच्या डोळ्यांनी औषधं मोजायची नसतात."

आतेभाऊ हसला. तू वही पिशवीत घातलीस, मारेनला कोट चढवलास आणि केक अर्धा टाकून निघालीस. आई विचारत राहिली, "झेंडे नेले नाहीत का गं तिने?"

एक मूल म्हणजे पुरावा नव्हे! हे बोलणारी मी कोण, ऐक. नऊ मार्चला चौऱ्याऐंशी पाकिटं टेबलावर आली, तेव्हा मी सगळ्यांत आधी एकतिसावं उचललं. बेरजेची वाटही पाहिली नाही. मला फक्त येप्पे हवा होता. आत लिहिलं होतं: पाणी.

मी ते परत चिकटवायला गेले. खरंच गेले, डिंक शोधला. बाकीच्यांचा हिशेब झाल्यावरही मी मनाशी म्हणत होते की आकड्यांत कुठेतरी घोळ आहे, कारण येप्पे तर सुधारला होता ना! माझ्याही डोळ्यांना हवं तेच दिसत होतं, आणि तो ठपका मी तुझ्या डोळ्यांवर ठेवला.

आणखी एक आहे. अभ्यास संपला, पाकिटं अजून बंद होती, तेव्हा कारिन माझे हात धरून म्हणाली होती, "डॉक्टर, तेच थेंब चालू ठेवा. पाया पडते." मी चिठ्ठी लिहून दिली. म्हणजे पाण्यावर सुधारलेल्या पोराला मी त्यानंतर खरे थेंब सुरू केले. मग मार्च आला. आणि मी तिला कळवलं नाही. कळवायचं तर चिठ्ठी चुकली म्हणावं लागलं असतं. तुला नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि तुला सांगितल्यावर तिला न सांगून चाललं नसतं. 'दिले असते' हे त्या होळीपाशी इतकं पटकन तोंडातून आलं, ते यामुळे.

कारिन दर नाताळला फोटोचं कार्ड पाठवते. येप्पे आता पंधरा वर्षांचा आहे. दर वर्षी तो थोडा जास्त रुंद दिसतो आणि कार्डावर दर वर्षी तेच लिहिलेलं असतं: तुमच्यामुळे.

गुड्रुन


३० नोव्हेंबर, अ‍ॅडव्हेंटचा पहिला रविवार

बेन्टे,

नाताळाआधीच्या चार रविवारांतली पहिली मेणबत्ती लावली. तू तिकडे लावली असशीलच. लहानपणी काडी ओढायचा मान धाकटीचा म्हणून तुला मिळायचा आणि मी मोजत बसायचे, किती काड्या मोडल्यास ते.

कामाचं आधी लिहिते. तुमच्या डॉक्टरांना मी परवा सगळा तक्ता पाठवला, माझ्या सहीने. मारेनचे थेंब एकदम तोडू नका, तसं केलं तर त्रास होईल. दर तीन आठवड्यांनी थोडे थोडे उतरवायचे, डॉक्टरांच्या नजरेखाली. वजन लिहून ठेवायचं. आणि काही मुलांना हे थेंब खरोखर लागूही पडत असतील. माझ्या अभ्यासाने तसं कोणाला नाकारता येणार नाही. पण ती मुलं कोणती हे विचारण्यासाठी आधी आकडे समोर पाहिजेत, आणि तेच मी खणात घालून बसले होते. बारा तारखेला डॉक्टर वाढवायचं म्हणाले, तर तक्ता पुढे कर आणि माझं नाव घे.

छापण्याचं म्हणशील, तर नव्या वर्षात बघते. प्रेबेनची मुलगी जानेवारीत आमच्याच खात्यात नोकरीला लागतेय, त्याला आत्ता दुखवणं बरं दिसत नाही. निरोपसमारंभही ठरलाय, अधिष्ठाता भाषण करणार आहेत. मार्चमध्ये शांतपणे बसून लिहीन. आणि कारिनला कार्डाच्या उत्तरात काहीतरी लिहीनच. कसं लिहायचं त्याचा विचार चाललाय.

मुख्य म्हणजे मारेन. तिचं वेळेवर कळलं, तेवढं बरं झालं. तुला सांगून मला हलकं वाटतंय, खोटं कशाला बोलू?

गुड्रुन


१३ डिसेंबर

बेन्टे,

तू काल पाठवलेलं पुडकं आज सकाळी कुरियरने आलं. दारातच, कोटाची बटणंसुद्धा न काढता फोडलं. पत्र नाही. मारेनची निरोपवही, ऑगस्टपासूनची, आणि एक बंद पाकीट. पाकिटावर तुझं अक्षर: "आधी वही वाच. मग तुझा अंदाज लिही. मगच हे उघड. नियम तुझेच आहेत."

मी नियम पाळले. तक्ता आखून, पेन्सिल घेऊन, सकाळभर बसले. लिस्बेथबाई छान लिहितात, फुलं-पाखरं काही नाही.

"२६ ऑगस्ट. डबा भिरकावला. दोनदा मारलं."

"१७ सप्टेंबर. पोहायला नेलं. शांत."

"९ ऑक्टोबर. दुपारी झोपली नाही. मला झोप आली."

"२३ ऑक्टोबर. गणिताच्या तासाला सारखी बोटीसारखा आवाज काढत होती. बंद कर म्हटलं, ऐकलं नाही. घरी पण करते का?"

"१९ नोव्हेंबर. चावली. मला. फार नाही."

"४ डिसेंबर. पुन्हा बोट. आता वर्गातले दोघं साथ देतात. कठीण आहे."

मारण्याचे दिवस मोजले. दर आठवड्याला दोन, तीन, एक, तीन, दोन. कुठे चढ नाही, कुठे उतार नाही. तरी अंदाज लिहिणं भाग होतं. मी लिहिलं: 'थेंब नोव्हेंबरच्या मध्यापासून कमी केले.' पुरावा म्हणून चावा धरला. पण खरं कारण सांगू? तोवर माझी तीन पत्रं तुला पोचली होती. मी सांगितल्याशिवाय तू थेंब कमी करशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग पाकीट उघडलं.

"१ सप्टेंबर, पाऊण. २२ सप्टेंबर, अर्धे. १३ ऑक्टोबर, पाव. ३ नोव्हेंबर, बंद. डॉक्टरांना माहीत होतं, मुख्याध्यापकांना माहीत होतं. बाईंना माहीत नव्हतं. ज्याला माहीत असतं त्याला हवं ते दिसतं, म्हणून. बारा तारखेला डॉक्टरांनी तपासलं. वजन चार किलो उतरलंय. थेंब पुन्हा सुरू करायचे नाहीत.

थेंब वाढवणार असं आईला मीच सांगितलं होतं. आई तुला सांगणार हे ठरलेलं. तू लिहितेस का, बघायचं होतं.

लिहिलंस. उशिरा, पण लिहिलंस. पत्रं सगळी ठेवलीत. मारेनचं झालं, गुड्रुन. येप्पेच्या आईला कोण सांगणार?"

बेन्टे, मी पहिलं पत्र लिहीत होते तेव्हा मारेन अर्ध्या थेंबांवर होती. आणि मी वरातीमागून घोडं हाकत आले होते, वर माझ्याशिवाय वरात अडलीय असं समजत होते. वाचून आधी संताप आला. एकटीच स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाले, "माझ्यावर प्रयोग करतेस? माझ्यावर?" मग हसू आलं, मग जे यायचं ते आलं. तू माझ्यापेक्षा चांगली संशोधक आहेस. हे मी वाढदिवसाच्या टेबलावर, सगळ्यांदेखत सांगायला तयार आहे. आतेभावाला पण बोलावू.

तुझी शेवटची ओळ मी बारा वेळा वाचली. मारेन, मारेन म्हणत मी दोन महिने तुला कबुलीजबाब पाठवत होते, कारण तू माझी बहीण आहेस आणि कधी ना कधी रागावून का होईना, तू मला घरात घेशील. कारिन माझी कोणी नाही. तिने मला का म्हणून माफ करावं? म्हणूनच तिच्यासाठी मार्च महिना आणि नाताळचं कार्ड!

दुपारी प्रेबेनला फोन केला. म्हटलं, लेख आज जातोय, तुझं नाव ठेवायचं की काढायचं ते तासाभरात सांग.  तो म्हणाला, "समारंभाला अधिष्ठाता येणार नाहीत मग." म्हटलं, "केक जास्त उरेल." पन्नास मिनिटांनी त्याचा निरोप आला: नाव ठेव. तीन वाजता पाठवला. सोबत सगळा तक्ता, कोणालाही उघडून बघता येईल असा. पहिल्याच ओळीत लिहिलंय की फरक आढळला नाही. दुसऱ्या ओळीत लिहिलंय की हे साडेचार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं.

मग कारिनला फोन केला. म्हणाली, "अय्या डॉक्टर, तुम्ही? आज लुसियाचा सण, मी गोड बनपाव भाजलेत, याच ना! येप्पेला किती आनंद होईल." काय काम आहे हे तिने विचारलं नाही.

बसने चाळीस मिनिटं लागतात. तिला पत्र लिहिणार नाही. एकतिसावं पाकीट पिशवीत घेतलंय, कडेला डिंकाचा डाग आहे, तोही तिला दिसेल. हे पत्र वाटेत दुकानात टाकते.

बस पाच दहाची आहे. निघते.

गुड्रुन